प्राचीनत्वाची साक्ष : हॅलोवीनच्या उगमकथेची चिकित्सा

सणांच्या उगमाविषयी जे लेखन होते त्यात एक साम्य सहसा आढळते. सण कोणत्याही देशाचा असो, त्याचे मूळ शोधू लागले की ते हटकून दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे निघते. त्याच्या मुळाशी कोणी तरी लुप्त झालेले लोक असतात, त्यांचे गूढविद्येत पारंगत पुरोहित असतात, आणि मागाहून आलेल्या एखाद्या प्रबळ धर्माने तो सण आपलासा करून त्यावर आपले नाव घातलेले असते. ३१ ऑक्टोबरच्या रात्री आयर्लंड, स्कॉटलंड, अमेरिका, कॅनडा आदी देशांत पाळल्या जाणाऱ्या हॅलोवीन या सणाची प्रचलित कथा याच साच्यातील आहे. अलीकडे आपल्याकडील मोठ्या शहरांतील उपाहारगृहांतून आणि काही शाळांतूनही या रात्रीचे मुखवटे दिसू लागले असल्याने ती कथा मराठी वाचकांच्याही कानी येते, आणि तिच्यावरून वाद होतात. एक पक्ष हा सण परकीय व अमंगल म्हणून त्याज्य ठरवतो. दुसरा 'हा तर पाश्चात्त्यांचा पितृपंधरवडा' असे म्हणून त्याचे समर्थन करतो. उगमकथा मात्र दोन्ही पक्ष एकच गृहीत धरतात. ती कथा चिकित्सेपुढे कितपत टिकते, आणि टिकली नाही तर त्या सणाचे व आपले काय बिघडते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथा थोडक्यात अशी. प्राचीन केल्ट लोकांचे नववर्ष १ नोव्हेंबरला सुरू होई. त्याच्या आदल्या रात्रीचा 'साउइन' हा त्यांचा मृतांचा सण. त्या रात्री मृतांचे आत्मे घरी परतत; त्यांना चकविण्यासाठी लोक मुखवटे घालीत, आणि ड्रुइड पुरोहित टेकड्यांवर होळ्या पेटवीत. पुढे ख्रिस्ती धर्मपीठाला हा सण मोडता येईना, म्हणून त्याने नेमक्या त्याच दिवशी सर्व संतांचा सण आणून बसविला. 'हॅलोवीन' हे नाव त्या संतसणाच्या पूर्वसंध्येवरून आले.

नावाची व्युत्पत्ती निर्विवाद आहे. उरलेल्या कथेत चार स्वतंत्र विधाने एकत्र गुंफलेली आहेत : साउइन हे नववर्ष होते, तो मृतांचा सण होता, मुखवटे व होळ्या त्या काळापासून चालत आल्या, आणि धर्मपीठाने केल्टांची तारीख उचलली. यातील एक सिद्ध झाले म्हणजे उरलेली तीन आपोआप सिद्ध होत नाहीत. प्रत्येकासाठी वेगळा साक्षीदार उभा केला पाहिजे, आणि त्या साक्षीदाराने स्वतः काय पाहिले व काय नुसते ऐकले, हेही विचारले पाहिजे.

या दृष्टीने पाहू लागले की पहिले आश्चर्य वाटते ते साक्षीदारांच्या वयाचे. केल्टांविषयी समकालीन माहिती देणाऱ्यांत रोमन सेनापती ज्यूलियस सीझर प्रमुख. गॉल प्रदेशातील ड्रुइडांविषयी त्याने बरेच लिहिले आहे, गॉल लोक कालगणना दिवसांनी न करता रात्रींनी करतात असेही तो सांगतो. परंतु नोव्हेंबरच्या आरंभी येणाऱ्या एखाद्या मृतसणाचा उल्लेख त्याच्याकडे नाही. साउइन हा मृत्युदेवतेचा सण, अशी कल्पना ठसठशीतपणे मांडली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंडमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स व्हॅलन्सी या लष्करी अभियंत्याने. आयरिश भाषेचा संबंध तो पौर्वात्य भाषांशी धाडसाने जोडी, आणि त्याच्या भाषाशास्त्राला आज कोणीही प्रमाण मानीत नाही. नववर्षाची कल्पना त्याहून तरुण आहे. ऑक्सफर्ड येथील केल्टिक भाषांचे पहिले प्राध्यापक जॉन ऱ्हीस यांनी १८८६ साली दिलेल्या हिबर्ट व्याख्यानांत ती मांडली. त्यांचा आधार मुख्यतः त्यांच्याच काळात वेल्स व आयर्लंडमध्ये ऐकू येणाऱ्या लोकसमजुतींचा होता. मागाहून मॅन बेटावर त्या रात्री फिरणाऱ्या गायकांच्या गाण्यातील नववर्षाच्या उल्लेखाची त्यात भर पडली. एकोणिसाव्या शतकातील गाण्यावरून ख्रिस्तपूर्व काळातील पंचांग सिद्ध करावयाचे, असा हा प्रकार.

ऱ्हीस यांचे अनुमान जगभर पोहोचविले ते सर जेम्स फ्रेझर यांनी. १८९० साली दोन खंडांत निघालेला आणि पुढे १९०६ ते १९१५ या काळात बारा खंडांपर्यंत वाढलेला 'द गोल्डन बाउ' हा त्यांचा ग्रंथ. विसाव्या शतकातील कवींपासून मानववंशशास्त्रज्ञांपर्यंत अनेकांनी त्यातून घेतले. फ्रेझर यांची शैली इतकी डौलदार आहे की वाचता वाचता आपण कोठे माहितीतून अनुमानात शिरलो आणि अनुमानातून खात्रीत पोहोचलो, हे कळत नाही. साउइन हे केल्टांचे नववर्ष, म्हणून ती मृतांची रात्र, म्हणून धर्मपीठाने तीच तारीख घेतली, ही साखळी त्यांनी पक्की केली. तथापि त्यांच्या पदरी एक मार्मिक निरीक्षण टाकले पाहिजे. नोव्हेंबरचा पहिला दिवस अयनबिंदूशी जुळत नाही, पेरणीशी नाही आणि कापणीशीही नाही; जुळतो तो गुराख्याच्या वर्षाशी. मे महिन्याच्या आरंभी गुरे डोंगरावरच्या कुरणात जात आणि नोव्हेंबरच्या आरंभी थंडीपूर्वी खाली परत येत. ज्यांची संपत्ती गुरे हीच, त्यांच्या वर्षाचे दोन खांब या दोन तिथींवर उभे असणे स्वाभाविक होते. हे निरीक्षण आजही टिकून आहे. मात्र गुरे परत येणे आणि मृत परत येणे या दोहोंमधील अंतर फ्रेझर यांनी केवळ शब्दांच्या बळावर ओलांडले.

या साखळीचा दुवा न् दुवा तपासून पाहण्याचे काम १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द स्टेशन्स ऑफ द सन' या ग्रंथाने केले. त्याचे कर्ते रॉनल्ड हटन यांचा जन्म आपल्या देशातील उटकमंडचा; अध्यापन ब्रिस्टल विद्यापीठात. ब्रिटनमधील वर्षभराच्या सणांचा हा इतिहास आहे आणि हॅलोवीन हा त्यातील एक भाग. हटन यांची पद्धत अगदी साधी आहे. प्रत्येक चालीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख कोणता, तो कोणी केला, कोठे केला, एवढेच ते विचारतात. या प्रश्नापुढे प्रचलित कथेचे चौथे विधान सर्वप्रथम ढासळते.

सर्व हुतात्म्यांचा सण रोममध्ये आला तो मे महिन्यात. पोप चौथा बोनिफेस याने १३ मे ६०९ (काहींच्या गणनेने ६१०) रोजी पँथिऑन हे जुने देवालय माता मेरी व सर्व हुतात्मे यांना अर्पण केले. पुढे १ नोव्हेंबर ही तारीख दिसू लागते ती इ.स. ८०० च्या सुमारास, इंग्लंडमध्ये व जर्मन प्रदेशात. विद्वान अल्क्विन याने साल्झबर्गच्या धर्माध्यक्षाला त्याच सुमारास या तारखेची शिफारस केलेली आढळते. ८३५ च्या सुमारास पोप चौथा ग्रेगरी याच्या प्रेरणेने सम्राट लुई याने ती फ्रँक साम्राज्यात लागू केली. आता ज्या आयर्लंडमधून ही तारीख उचलली असे म्हणतात, त्या आयर्लंडमध्ये त्या वेळी काय चालले होते? इ.स. ८०० च्या आसपासच्या आयरिश संतपंजिका उपलब्ध आहेत, आणि त्यांत सर्व संतांचा सण २० एप्रिलला नोंदलेला आहे! केल्टांचा सण झाकण्यासाठी धर्मपीठाने तारीख बदलली असती, तर ती आधी केल्टांच्या देशात बदलावयास नको होती काय? माझ्या मते या सगळ्या वादातील सर्वांत प्रभावी पुरावा हा एवढाच आहे. एका जुन्या पंचांगातील एक तारीख.

साउइन हा सण आयर्लंडमध्ये होता आणि मोठा होता, हे मात्र हटन नाकारीत नाहीत. कोणी नाकारू नये. मध्ययुगीन आयरिश कथांत तो वारंवार येतो. राजे त्या दिवसांत मेजवान्या व सभा भरवितात, करार होतात, शर्यती होतात. सिध म्हणजे डोंगरांच्या पोटातील अद्भुत लोकांची दारे त्या रात्री उघडी असतात. तारा येथील राजवाडा दर साउइनला जाळणाऱ्या ऐलेनचा वध वीर फिन करतो, ती कथा या रात्रीचीच. म्हणजे अद्भुत आहे, भय आहे. पण घरी परतणारे पितर, त्यांच्यासाठी मांडलेले पान, हे त्या कथांच्या केंद्रस्थानी नाही. ड्रुइडांच्या होळीचा जो बहुचर्चित उल्लेख, ट्लाख्टगा या मीथ परगण्यातील टेकडीवरचा, तो जेफ्री कीटिंग या सतराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या इतिहासग्रंथात आहे. वर्णिलेल्या काळानंतर हजार-बाराशे वर्षांनी दिलेली ही साक्ष. फ्रान्समधील कोलिनी येथे १८९७ साली सापडलेल्या कांस्यपटावरील गॉल पंचांगात 'सामोनिओस' हा महिना आहे हे खरे, परंतु तो शरदातला की ग्रीष्मातला यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

येथे हटन यांच्या पद्धतीविषयीही एक आक्षेप नोंदविणे न्यायाचे होईल. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने वस्तुस्थितीचे तीन वर्ग केले होते : सिद्ध झालेली, खोटी ठरलेली, आणि सिद्ध न झालेली. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली; पण हे तीन वर्ग त्यातही कायम आहेत, आणि ते राहणे योग्यच होते. 'सिद्ध झाले नाही' आणि 'खोटे ठरले' यांतील भेद न ओळखणारा न्यायाधीश अन्याय करतो. धर्मपीठाने तारीख आयर्लंडमधून उचलली, हे विधान जवळजवळ खोटे ठरले आहे, कारण उलट पुरावा समोर आहे. साउइन हा मृतांचा सण होता, हे मात्र केवळ सिद्ध झालेले नाही. ज्या लोकांनी लिहून ठेवले नाही, ज्यांच्याविषयी लिहिणारे सारे मठवासी ख्रिस्ती होते, त्यांच्या घरात चुलीपाशी त्या रात्री काय होत असे, हे लेखी उल्लेखांच्या चाळणीतून निसटून जाण्याचाच संभव अधिक. हटन स्वतः सावध आहेत. पण त्यांचे अनुयायी 'उल्लेख नाही, म्हणजे नव्हतेच' अशी उडी मारतात. फ्रेझर यांच्या चाहत्यांची उडी जितकी सदोष, तितकीच हीही.

लेखी पुरावा नसताना काय करता येते याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ सालच्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात चालू रूढींवरून प्राचीन समाजाचा माग काढला. त्यांचीही भिस्त अवशेषांवरच होती. परंतु पुण्याच्या परिसरातील देवीच्या ठाण्यांविषयी लिहिण्यापूर्वी ते त्या माळांवरून पायी हिंडले, आणि ठाण्यांजवळ सापडणारी अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे त्यांनी वेचली. रूढीच्या शेजारी दगड ठेवून दोहोंची गाठ पडते का हे त्यांनी पाहिले. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष मान्य व्हावा असे नाही. पण फ्रेझर यांनी अभ्यासिकेत बसून जे केले त्याहून हे निराळे आहे.

उगमाचा प्रश्न इतका वेळ घेतो त्याचे एक कारण असे, की त्यामुळे सणाचा खरा, नोंदलेला इतिहास झाकला जातो. हॅलोवीनच्या आजच्या रूपातील बऱ्याच गोष्टींचा माग ड्रुइडांपर्यंत न जाता मध्ययुगीन ख्रिस्ती समाजापर्यंत स्पष्ट जातो. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी मठाचा प्रमुख ओडिलो याने २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरविला. मृतात्मे शुद्धिलोकात यातना भोगतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्यांची सुटका लवकर होते, या श्रद्धेतून इंग्लंडमध्ये गोरगरीब व मुले घरोघर जाऊन आत्म्यांच्या नावाने लहान पाव मागू लागली. मागणाऱ्याने त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करावयाची, हा त्यातील व्यवहार. या दिवसांत भीक मागणाऱ्याच्या रडव्या सुराची उपमा शेक्सपियरच्या एका नाटकातही आहे. दारोदार जाऊन खाऊ मागण्याच्या आजच्या चालीचा हा साधार पूर्वज.

मग धर्मसुधारणा आली. योगायोग असा, की मार्टिन ल्यूथर याच्या ९५ सूत्रांची तारीख हीच : ३१ ऑक्टोबर १५१७. शुद्धिलोकाची कल्पनाच इंग्लंडच्या चर्चने अमान्य केली, मृतांसाठी घंटा वाजविण्यास बंदी झाली, आणि पाव मागण्यातील देवघेवीचा आधार गेला. त्यातच १६०५ चा बारुदाचा कट उघडकीस आला. ५ नोव्हेंबर हा आभारप्रदर्शनाचा दिवस पाळावा असा कायदाच १६०६ साली झाला आणि तो १८५९ पर्यंत अमलात होता. इंग्लंडमधील शरदातील होळ्या व पुतळे या पाच दिवसांनी पुढच्या रात्रीकडे सरकले. आज हॅलोवीन आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये घट्ट आणि इंग्लंडमध्ये अलीकडेपर्यंत पातळ होता, याचा एक मोठा खुलासा संसदेच्या या कायद्यात आहे. सणाच्या इतिहासात राजाज्ञेचा वाटा किती असतो याकडे लोकसाहित्याचे अभ्यासक क्वचितच पाहतात.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. १७३५ च्या चेटूकविषयक ब्रिटिश कायद्याने हॅलोवीनच्या दिवशी डुकराचे मांस व तत्सम पदार्थ खाण्यास मनाई केली होती, असे अनेक लोकप्रिय लेखांत सांगितलेले असते. तो कायदा अगदी छोटा आहे. चेटकाबद्दलचे खटले बंद करणे आणि चेटूक येते असा आव आणून लोकांना फसविणाऱ्यास शिक्षा देणे, एवढाच त्याचा विषय. १९५१ साली तो रद्द झाला. त्यात डुकराच्या मांसाचे नावही नाही. कायद्याचे कलम उघडून पाहण्याइतके सोपे काम ज्यांनी केले नाही, त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या रात्रीचे वर्णन करावे आणि आपण विश्वास ठेवावा, हे चालावयाचे नाही.

स्कॉटलंडमधील या रात्रीचे पहिले विस्तृत वाङ्मयीन चित्र रॉबर्ट बर्न्सच्या १७८५ मधील दीर्घ कवितेत मिळते. पऱ्या व चेटकिणी त्या रात्री मोकळ्या सुटतात असे त्याने प्रस्तावनेत सांगितले असले, तरी कवितेतील तरुण-तरुणींना चिंता आहे ती लग्नाची. अंधारात कोबीचा दांडा उपटून त्याच्या आकारावरून वराचे रूप ठरवावयाचे, चुलीत दोन अक्रोडजातीची फळे शेजारी ठेवून ती शांत जळतात की तडतडत दूर उडतात ते पाहावयाचे. आयर्लंडमध्येही याच रात्रीच्या गोड पावात अंगठी लपवितात. जिला मिळेल तिचे लग्न त्या वर्षी व्हावयाचे. पितरांच्या सणाची कथा सांगणाऱ्यांनी ही लग्नाळू, हसरी बाजू सोडूनच दिली आहे. आयर्लंडमधील दिवाही भोपळ्याचा नव्हता, सलगमाचा होता. मेयो परगण्यातील राष्ट्रीय संग्रहालयात डॉनिगॉलमधील अशा एका दिव्याची प्रतिकृती आहे. मूळ सलगम गळून पडण्याच्या बेतात आल्यामुळे १९४३ साली तिचा साचा घेण्यात आला. सुरकुतलेला, दात विचकणारा तो चेहरा आजच्या गुबगुबीत भोपळ्यापेक्षा पुष्कळ भयंकर आहे.

भोपळा अमेरिकेचा. वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या १८२० मधील शीरहीन स्वाराच्या कथेत फुटलेला भोपळा आहे, पण हॅलोवीनचा उल्लेख नाही. दोहोंची सांगड नंतरची. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात लाखो आयरिश लोक समुद्र ओलांडून गेले, आणि त्यांच्याबरोबर ही रात्र गेली. तेथे ती टारगट पोरांची झाली : फाटके उखडणे, गाड्या छपरावर चढविणे. मिनेसोटातील अनोका गावाने १९२० साली मिरवणूक सुरू केली ती पोरांचे लक्ष या उपद्व्यापांवरून काढण्यासाठी. 'खाऊ द्या, नाही तर खोडी काढतो' या अर्थाचे सुप्रसिद्ध वाक्य प्रथम दिसते ते कॅनडातील वृत्तपत्रांत. महायुद्धकाळातील साखरेचे नियंत्रण १९४७ साली उठल्यावर ही चाल घराघरांत पसरली, आणि १९५० पासून मुले खाऊबरोबर संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीसाठी पैसेही गोळा करू लागली. खोडीचा पाशवी अवतारही दिसला : १९८४ साली डेट्रॉइट शहरात या दिवसांत आठशेहून अधिक आगी लागल्या.

खाऊतून विष घालणाऱ्या अनोळखी दुष्टांची भीतीही याच देशातली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९८५ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा वार्ता एकेक करून तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊने मूल दगावल्याचे एकही प्रकरण त्यांना सिद्ध झालेले आढळले नाही. टेक्सासमध्ये १९७४ साली एक मुलगा विषारी गोळीने मेला हे खरे. पण ते विष त्याच्या जन्मदात्यानेच विम्याच्या पैशांसाठी दिले होते, आणि १९८४ साली त्याच्या देहान्ताच्या शिक्षेची अंमलबजावणी झाली. म्हणजे उगमाची कथा जशी साक्षीवाचून चालत आली, तशीच भीतीची कथाही.

मेक्सिकोत १ व २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात. झेंडूच्या फुलांनी सजविलेली वेदी, साखरेच्या कवट्या, कबरीपाशी घालविलेली रात्र. तेथेही हाच वाद आहे. अॅझ्टेकांचा सण स्पॅनिश पेहरावात, असे एक मत. स्पेनमधून आलेलाच कॅथलिक सण, असे दुसरे. परंतु येथे एक मोलाचा साक्षीदार आहे. दिएगो दुरान या सोळाव्या शतकातील धर्मोपदेशकाने स्वतः पाहून लिहून ठेवले, की स्थानिक लोक एका दिवशी मृत बालकांसाठी व दुसऱ्या दिवशी प्रौढांसाठी नैवेद्य ठेवतात, आणि जुना सणच नव्या तारखेला आणला असावा असा त्याला संशय आला. हा समकालीन, डोळस आणि स्वपक्षाविरुद्ध जाणारा पुरावा आहे. आयर्लंडच्या बाबतीत असा एकही साक्षीदार नाही. उलट मेक्सिको शहरातील आजची प्रचंड मिरवणूक पाहा. २०१५ मधील एका जेम्स बाँड चित्रपटात तशी मिरवणूक कल्पनेने दाखविली गेली, आणि २०१६ पासून ती खरोखरच निघू लागली. २००८ साली युनेस्कोच्या यादीत नोंदलेल्या सणाच्या अंगावर हे अगदी नवे लेणे. पाहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने मात्र दोन्ही तितकीच खरी.

पोलंडमध्ये १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी दफनभूमी दिव्यांनी उजळून निघतात. तेथील महाकवी मित्स्किएविच याने लिथुआनिया-बेलारुसमधील पूर्वजांना अन्न देण्याच्या विधीवर 'जादी' हे नाटक रचले. त्याचे पहिले भाग १८२३ साली निघाले. नंतरच्या भागात रशियन झारच्या जुलमाचे चित्र आले. १९६७ च्या नोव्हेंबरात वॉर्साच्या राष्ट्रीय रंगभूमीवर ते उभे राहिले, आणि प्रेक्षक झारविरोधी वाक्यांना टाळ्या देऊ लागले तेव्हा सरकारने ३० जानेवारी १९६८ नंतर प्रयोग बंद पाडले. निषेध करणारे विद्यार्थी विद्यापीठातून काढले गेले, आणि मार्चमध्ये देशभर उद्रेक झाला. पूर्वजांचा विधी किती शतकांचा, हे त्या प्रेक्षागृहात कोणी विचारले नाही. मृतांना हाक मारण्याचा तो विधी जिवंतांना बोलण्याचे बळ देऊ शकला, एवढेच त्यांना पुरेसे होते.

पोर्तुगालमध्ये संतसणाच्या सकाळी मुले 'देवासाठी पाव' मागत फिरतात. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी लिस्बनमध्ये भूकंप झाला तेव्हा सणामुळेच देवळे माणसांनी भरलेली व मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. काटकसरीच्या धोरणात ही सुट्टी २०१३ पासून रद्द झाली होती, ती २०१६ साली परत आली. त्या साम्राज्याबरोबर हे दोन दिवस गोव्यात आले. आजही २ नोव्हेंबरला गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे कबरी स्वच्छ करून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. हॅलोवीनचा सख्खा भाऊबंद आपल्याकडे शतकानुशतके नांदत आहे. त्याला मुखवटा नाही म्हणून आपण तो ओळखला नाही. परकीय सण म्हणून उपाहारगृहातील भोपळ्यावर रागावणाऱ्यांनी या शांत दिव्यांकडे एकदा पाहावे. आणि 'पाश्चात्त्यांचा पितृपंधरवडा' म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की श्राद्धात पुत्र पितरांना अन्न देतो, तर शुद्धिलोकाच्या कल्पनेत जिवंत माणूस देवापाशी मृतासाठी रदबदली करतो. दोन्हींत मृतांचे स्मरण आहे, पण नाते व विधी निराळे. सारखेपणाची घाई केली की दोन्ही सणांचे वैशिष्ट्य पुसले जाते.

मग सणाला जुनेपणाचा दाखला हवाच का असतो? मला वाटते, आपण सणाकडे जमिनीच्या मालकीसारखे पाहतो. ज्याचा कागद जुना त्याचा हक्क मोठा. ज्या प्रदेशांत भाषेचे, सीमेचे, देवस्थानांचे वाद पिढ्यान् पिढ्या चालले, तेथे हा हव्यास विशेष असतो. आणि खरा कागद न मिळाला तर तो रचण्याचा मोह होतो. परंतु कायदा स्वतः याहून शहाणा आहे. इंग्लिश कायद्याने 'अनादि काळ' या शब्दाला १२७५ साली मर्यादा घातली : ११८९ पलीकडचे विचारावयाचे नाही. आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वाटेचा हक्क सिद्ध करावयास वीस वर्षांची उघड, शांत व अखंड वहिवाट पुरते. ती वाट प्रथम कोणाच्या आजोबांनी पाडली, हे न्यायालय विचारीत नाही.

सणांनाही हाच न्याय लावावा. सलगमाचा दिवा कोरणाऱ्या आयरिश शेतकऱ्याला, पाव मागत फिरणाऱ्या पोर्तुगीज मुलाला, कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या गोव्यातील म्हातारीला ड्रुइडांची शिफारस लागत नाही. त्यांची वहिवाट त्यांना पुरेशी आहे. उगमाचा शोध जरूर घ्यावा, पण तो सत्यासाठी. कोणाचा सण खरा व कोणाचा उसना हे ठरविण्यासाठी नव्हे. आणि जेथे साक्षीदार मिळत नाही, तेथे 'सिद्ध झालेले नाही' एवढेच लिहून लेखणी खाली ठेवावी.